तिच्या वकिलाचे काय?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

‘देहव्यापाराच्या अड्ड्यावर धाड, तरुणींची सुटका’ अशी बातमी शहराच्या पानावर अधूनमधून येते. वस्ती, दलालाचे नाव, जप्त झालेले मोबाइल आणि रोकड असे सगळे त्यात असते. त्या मुलींचे पुढे काय झाले, हे मात्र वाचायला मिळत नाही. विदर्भातल्या एका न्यायालयात मी २७ वर्षे लघुलेखक होतो, म्हणून पुढचे थोडे मला माहीत आहे.

साक्षीला आलेली एक मुलगी अजून डोळ्यांपुढून हलत नाही. हावड्याकडून जनरल डब्यात बसून आली होती. मराठी येत नव्हते, हिंदी तुटके. तिला कामाच्या आमिषाने आणून विकणारा माणूस जामिनावर होता आणि त्याच व्हरांड्यात, तिच्यापासून चार हातांवर बसला होता. पुकारा व्हायला दोन तास लागले. आत आल्यावर सरकारी वकिलांच्या पहिल्याच प्रश्नाला तिने मान खाली घातली आणि ‘मला आठवत नाही’ एवढेच बोलली. ते वाक्य मीच टंकित केले. तिला फितूर ठरवले गेले. सरकारी वकील राज्याची बाजू मांडत होते, दुसरे आरोपीची. तिचे म्हणून कोणीच नव्हते.

खरे तर तिला स्वतःचा वकील फुकट मिळायला हवा होता. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे मानवी तस्करीला किंवा वेठबिगारीला बळी पडलेल्या व्यक्तीला मोफत वकिलाचा हक्क आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. हे तिला पोलीस ठाण्यापासून साक्षीच्या पिंजऱ्यापर्यंत कोणी सांगितले नव्हते. मीही नाही, आणि ते मला बोचते.

असा वकील असता तर त्याने आरोपीसमोर न येता साक्ष देण्याची सोय मागितली असती. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्येच मान्यता दिली आहे. नुकसानभरपाईचाही अर्ज केला असता. त्यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचे पूर्वीचे कलम ३५७-अ, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ३९६. आरोपी सापडला नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी पीडितेला थेट विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, जाता येते आणि चौकशी दोन महिन्यांत संपवावी लागते. शिवाय १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली ‘सुटका’ झालेल्या स्त्रीला संरक्षणगृहात एक ते तीन वर्षे ठेवता येते. सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध असे ठेवता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये तीन तरुणींना सोडताना म्हटले. पण हे मांडायलाही माणूस लागतोच.

हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मार्ग आपल्या नागपूर स्टेशनात एकमेकांना छेदतात. पूर्वेकडून मुली, लहान मुले, मजूर घेऊन निघालेल्या दलालालाही हेच फलाट सोयीचे. ‘ती राजीखुशीने आली’ हे त्याचे ठरलेले उत्तर. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये मात्र तस्करीत पीडिताची संमती गैरलागू ठरवली आहे, आणि भीक मागायला लावणे हेही शोषणच धरले आहे.

माझी मागणी एवढीच, की जबाब घेण्याआधी विधी सेवा प्राधिकरणाचा स्वयंसेवक ठाण्यात हजर असावा आणि त्याने हे हक्क तिला तिच्याच भाषेत वाचून दाखवावेत. दुभाषा मिळत नाही, ही सबब नागपुरात चालू नये. इथे बंगाली, उडिया, तेलुगू बोलणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात.

आणि एक विनंती आपल्याला. अशा बातमीत मुलीचे वय आणि जिल्हा छापू नये; मोबाइलवरून ती बातमी तिच्या गावी तिच्याआधी पोहोचते. त्या जागी विधी सेवेचा १५१०० हा क्रमांक छापावा.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखक
नंदनवन, नागपूर