बहिणींची नावे ‘इतर हक्का’त नकोत

वारसनोंद करताना मुलींची नावे भोगवटादार (जमीनधारक) म्हणून न लावता अनेकदा सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ या वेगळ्या रकान्यात टाकली जातात. सातबाऱ्यावर नाव दिसले म्हणून बहिणी निर्धास्त राहतात, आणि विक्रीच्या वेळी सह्या फक्त भावांच्या होतात. मुंबईतल्या सासुरवाशिणींनी महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर माहेरचा सातबारा उघडून नाव नेमके कोणत्या रकान्यात आहे ते पाहावे. फेरफार (हक्कातील बदलाच्या नोंदीचा) क्रमांक टिपून तलाठ्याकडे गाव नमुना 6 ची, म्हणजे फेरफार नोंदवहीची, नक्कल मागावी. नव्या नोंदीवर हरकतीला 15 दिवस असतात. नोटीस चावडीवर लागते, म्हणून मुदत हुकते. नोंद मंजूर झाल्यास प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) 60 दिवसांत अपील करता येते. हक्कसोडपत्र (आपला हिस्सा सोडल्याचा दस्त) दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते; साध्या स्टॅम्पवरच्या सहीने नाव कमी होता कामा नये. वारस अर्जात प्रत्येक मुलीचा मोबाइल क्रमांक शासनाने सक्तीचा करावा.

– एक वाचक, परळ, मुंबई