गवसणी घेऊन या

पुणे, मंगळवार रात्र

ती. बाबा आणि आई,
शि. सा. न.

हे फोनवर बोलायचा धीर झाला नाही. फोनवर बाबा दोनदा "हं, हं" करतात आणि रिसीव्हर आईकडे जातो, मग आई त्यांना निम्मंच सांगते. म्हणून पत्र. आई, मोठ्यानं वाचून दाखवू नकोस. बाबांना त्यांचं त्यांना वाचू दे.

दिवाळीत आजोबांचा तंबोरा "पुसून आणते" म्हणून मी गाडीत घातला, तो पुसायला नेला नव्हता. मिरजेला नेला होता. आईला ठाऊक होतं, पण तिला काही बोलू नका, मी तिला शपथ घातली होती. आणि येत्या शनिवारी संध्याकाळी सहाला तो केळकर संग्रहालयात वाजणार आहे. तसं मी कबूल करून बसले आहे, आता मागे फिरता येणार नाही.

विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही. चुकलंच माझं. पण बाबा, तारांना हात लावला की बोटाला गंज येत होता. भोपळ्यावर खुंटीच्या बाजूला नाही का ती केसाएवढी चीर, ती गेल्या पावसाळ्यात आणखी दोन बोटं पुढे सरकली होती. अजून एक पावसाळा त्या कोपऱ्यात काढला असता तर पुढच्या दिवाळीला मी काय उचललं असतं? आणि मी तो विकलेला नाही, कुणाला देऊन टाकलेला नाही. एका संध्याकाळपुरता जाईल, रात्री परत माझ्या घरी, माझ्या खोलीत, उन्हाच्या रेषेबाहेर. वाजवणारीला सांगून ठेवलंय, अंगठी काढून बसायचं.

त्या संध्याकाळचा विषयच मिरज आहे. हत्यारं घडवणाऱ्यांच्या हातात सतार कशी आली, ही गोष्ट. एकोणिसाव्या शतकात तलवारींना गिऱ्हाईक उरलं नाही तेव्हा शिकलगार मंडळी वाद्यं दुरुस्त करू लागली, मग घडवू लागली, आणि त्यांचं आडनावच सतारमेकर होऊन बसलं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही सांगतील. मिरजेत राहिलेले गायक अब्दुल करीम खाँसाहेब, त्यांचं सांगतील. मीरासाहेबांच्या दर्ग्यातल्या उरुसाला आजोबा कसे जायचे ते त्यांना मी सांगून ठेवलंय, पण नाव घ्यायचं नाही असं बजावलंय, तुम्हाला अवघडल्यासारखं होईल. थोडी माहिती, मग गाणं, परत थोडी माहिती. निवेदन लांबलं तर मी समोरून डोळे वटारणार आहे.

आता मिरजेचं. सतारमेकर गल्लीतल्या चाचांनी आधी वाद्याला हातच लावला नाही. गवसणीच्या जागी मी चादर गुंडाळली होती, ती सोडली आणि नुसते बघत बसले. मग नवीन तारा चढवल्या, तारांखालच्या घोडीवर वाकून नख घासलं, रेशमाचा दोरा तारेखाली सरकवत नेला, मागे, पुढे, पुन्हा मागे. एका जागी तंबोरा एकदम उघडला. अंगावर काटा आला हो बाबा. मी म्हटलं, घोडी घासून जवारी काढायला, हा झंकार पुरता परत आणायला, किती दिवस लागतील? तर म्हणाले, "कशाला काढायची? जवारी चांगली आहे. तारा मेल्या होत्या, दोरा गेला होता."

हे लिहू की नको, असं दोन दिवस चाललंय माझं. तुम्ही गेली आठ वर्षं म्हणताय की जवारी गेली, आता हा बोलत नाही. म्हणून खाली ठेवलात, म्हणून पहाटेचं बसणं थांबलं. वाद्यातही दोष होताच, अगदी होता, चाचाच म्हणाले की मेलेल्या तारांवर कुणाचंही मन लागणार नाही. पण सगळा दोष वाद्यात नव्हता. वयाबरोबर आधी वरचे, बारीक आवाज जातात. खर्ज ऐकू येतो, त्याच्यावर जी झीण उठते ती हरवते. कुकरची शिट्टी आई मोजते, तुम्ही मोजत नाही. हल्ली टीव्ही किती मोठा असतो ते शेजारच्या काकूंनी मला सांगितलं, तुम्ही दोघांनी नाही.

त्या संग्रहालयाचे दिनकर केळकर, आम्हाला तिथं नेलं होतंत तेव्हा तुम्हीच सांगितलं होतंत, घरचं चष्म्याचं दुकान होतं. दिवे, अडकित्ते, दौती, वाद्यं गोळा करत 20,000 च्या वर वस्तू जमवल्या आणि सगळ्याला गेलेल्या लेकाचं नाव दिलं. चष्मा लावायला कुणाला लाज वाटत नाही. मग कानाच्या यंत्रानं काय घोडं मारलंय? सोमवारी सकाळी साडेदहाची तपासणीची वेळ घेतली आहे. नुसती तपासणी. यंत्र घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

मी पाचएक वर्षांची असताना पहाटे उठून यायचे आणि भोपळ्याला गाल लावून बसायचे, आठवतंय? तुम्ही तारा लावत असायचा आणि मला म्हणायचात, आत कोण बोलतंय ऐक. मी विचारायचे, आजोबा आत गेलेत का? तुम्ही कधी हो म्हणाला नाहीत, नाही पण म्हणाला नाहीत. त्याच गालाला गुदगुल्या व्हायच्या. परवा घरी कुणी नसताना मी तसं बसून बघितलं. मानेत चमक भरली, ते सोडा.

आता ऐका. शनिवारी दुपारी बारा वाजता गाडी दारात येईल, बसनं यायचं नाही. साताऱ्याहून येताना बोगदा आहे, खंबाटकीचा घाट लागत नाही, तेव्हा आईनं मळमळीची सबब सांगू नये; तरी लिंबू आणि आलेपाक पर्समध्ये ठेव. निघण्याआधी दोघांनी जेवा, बाबांनी बीपीची गोळी चुकवायची नाही. बैठक तळमजल्यावर आहे, तुमच्यासाठी पाठीच्या दोन खुर्च्या सांगितल्यात. पुढची रांग, डाव्या टोकाला, म्हणजे बाबांचा उजवा कान गाण्याकडे राहील. बिनसाखरेचा चहा थर्मासमध्ये मी आणते. आई, तिथला तो मोराच्या आकाराचा तंतुवाद्याचा प्रकार बघून मी रडले होते म्हणून तू मला कडेवर घेऊन बाहेर आली होतीस आणि तुझं बघायचं राहिलं. या वेळी तुला आधी नेते, जिने हळूहळू चढू. मस्तानी महालही.

आठ दिवस राहायचं आहे. तुळशीला पाणी घालायला काकू तयार आहेत, मी विचारलंय. तुमच्या खोलीतला पंखा दुरुस्त केलाय, आवाज करत नाही आता. बाबांची जाड उशी माझ्याकडे आहे. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घेतलीय. रागावू नका, सोसायटीत बहुतेकांकडे आहे.

कार्यक्रम नाही आवडला तर मध्येच उठू, मी तुमच्याबरोबर येईन. तंबोऱ्याचं मात्र तुम्हीच बघा. सुरुवातीला तो लावायला पाच मिनिटं लागतील, तेवढा वेळ तिथं बसा. मुलगी चांगली आहे, पण पंचम जरा चढवते.

आणि ती जुनी गवसणी, आजीच्या निळ्या लुगड्याची, मधल्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. बाबा, स्टुलावर चढायचं नाही, काकूंच्या मुलाला बोलवा. ती घेऊन या. वाद्य अजून चादरीतच आहे.

तुमची,
छकुली