सहा तास कळवायला, बुजवायला कितीही दिवस?

मा. केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

एका सरकारी कार्यालयाच्या वेबमेलवर अजून राउंडक्यूब या फुकट मेल-सॉफ्टवेअरची जुनी १.४.१३ आवृत्ती चालते. लेखी कळवले. परवा उत्तर आले : 'मेल सुरळीत येत-जात आहेत. तक्रार निकाली.' शिवाय, 'आवृत्ती तुम्हाला कळली कशी?' अहो, बदलांची नोंद असलेली फाईल जगाला उघडी आहे! फुकट राखण करायची आणि वर चोरही ठरायचे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये युरोपातल्या सरकारी मेलपेट्या फोडल्या गेल्या. लिंक नाही, अटॅचमेंट नाही. मेल ब्राउझरमध्ये उघडला की झाले. राउंडक्यूब मेलमधले स्क्रिप्ट टॅग (आपोआप चालणारा कोड) आणि 'ऑनएरर'सारखे (काही चुकले की कोड चालवणारे) ॲट्रिब्यूट गाळते. पण एसव्हीजी म्हणजे कोडने काढलेल्या चित्राच्या 'यूज' टॅगमध्ये बेस-६४ करून (निरर्थक अक्षरांत बदलून) दुसरे एसव्हीजी दडवले होते. गाळणीला ते दिसले नाही, ब्राउझरने उलगडले. आतल्या चित्राचा पत्ता मुद्दाम खोटा. चित्र सापडेना, म्हणून 'ऑनएरर' चालले, तेही लॉगिन झालेल्या साहेबांच्या अधिकाराने. फोल्डरची यादी आणि मेल बाहेर गेले. तिथे ओटीपी काय करणार?

दुरुस्ती १.४.१५, १.५.५ आणि १.६.४ मध्ये आली. ऑगस्ट २०२४ चे पुढचे भगदाड १.५.८ व १.६.८ मध्ये बुजले, १.४ ला तोवर वाली उरला नव्हता. 'एचटीएमएल (सजवलेले मेल) बंद ठेवतो' हेही सांगू नका. २०२० चे भगदाड साध्या मजकुरातल्या लिंकमध्येच होते.

लायसन्सचा खर्च शून्य. डेटाबेस आणि कॉन्फिगचा बॅकअप घ्या, पीएचपी जुने असेल तर वाढवा, चालू आवृत्ती चढवा. मग सगळी सेशन्स (चालू लॉगिन) पुसा, पासवर्ड बदला आणि सीव्ह फिल्टरमधून (सर्व्हरवरच्या मेल-नियमांतून) मेल बाहेरच्या पत्त्यावर वळवलाय का ते बघा. इथेच सगळे आळस करतात. ब्राउझरमधले सर्व्हिस वर्करही (मागे चालणाऱ्या स्क्रिप्ट) काढा. पोलंडमधल्या २०२५ च्या हल्ल्यात पासवर्ड त्यांच्यामार्फतच चोरले.

सर्ट-इनचा (केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचा) २८ एप्रिल २०२२ चा आदेश म्हणतो, सायबर हल्ल्याची घटना ६ तासांत कळवा, लॉग १८० दिवस ठेवा. उत्तम! पॅच (भगदाड बुजवणारी दुरुस्ती) किती दिवसांत लावायचा, याची मुदत त्यात नाही. अमेरिकेने २०२३ च्या त्या भगदाडासाठी आपल्या केंद्रीय कार्यालयांना ३ आठवडे दिले. आपल्याकडे ऑडिटचे प्रमाणपत्र फ्रेम करून लावतात आणि देखभालीचा ठेकेदार 'करारात अपडेट नाही' म्हणतो. डेटा संरक्षण कायद्यात दंड २५० कोटींपर्यंत, आणि सरकारी यंत्रणांना सूट देण्याची सोयही त्यातच. दंड खाजगीला, सवलत सरकारला. वा, काय न्याय!

अशी जुनी आवृत्ती किती कार्यालयांत चालते, तो आकडा जाहीर करा. ३ आठवड्यांची मुदत काढा, कार्यालयप्रमुखाच्या नावाने. ठेकेदाराच्या नव्हे.

मेल सर्व्हर सांभाळणाऱ्यांपैकी एक