रोटरच्या वह्या जपणाऱ्या आजोबांना अनावृत आभारपत्र

आदरणीय आजोबा,

सप्रेम नमस्कार.

व्होल्गोग्राडच्या रोटर फुटबॉल क्लबच्या इतिहासावरील माझी मराठी लेखमाला पूर्ण झाली आहे. ती सामन्यांच्या नोंदींच्या ज्या वह्यांच्या आधारावर उभी राहिली त्या आपल्या आहेत, आणि वैद्यकीय शिक्षणासाठी आपल्या शहरात आलेल्या एका परदेशी मुलासमोर आपण त्या कोणतीही शंका न घेता उघडून ठेवल्यात, म्हणून हे पत्र मी जाहीरपणे लिहीत आहे. त्याचा रशियन अनुवाद आपल्या नातीकडे पाठवला आहे. ती आपल्याला तो वाचून दाखवील.

मराठी वाचकाला आपल्या शहराचे जुने नाव, स्टालिनग्राड, परके नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतच अण्णा भाऊ साठे यांनी ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला आणि डफाच्या साथीवर ते नाव मुंबईच्या कामगारवस्त्यांत पोहोचले. मात्र त्या शहरात ट्रॅक्टर बनवणाऱ्या कामगारांचा एक फुटबॉल संघ होता आणि स्टालिनग्राडच्या लढाईपूर्वी तो देशातील पहिल्या चार संघांत गणला गेला होता, हे इकडे फारसे कोणाला ठाऊक नव्हते. मलाही ते आपल्यामुळेच कळले.

रोटरविषयी बोलायला बसलेला माणूस बहुधा 1995 च्या सप्टेंबरमधील मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या सामन्यापासून सुरुवात करतो. आपण मात्र मला 1929 मध्ये नेलेत, जेव्हा कारखान्याच्या भिंती अजून चढत होत्या आणि ते बांधकाम करणाऱ्यांनीच ‘ट्रॅक्टरोस्त्रोइतेल’ या नावाने संघ उभा केला होता. कारखान्यातून पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला तो 1930 च्या जूनमध्ये. म्हणजे संघाचे वय कारखान्याच्या उत्पादनापेक्षा अधिक आहे, ही गोष्ट आपण ज्या अभिमानाने सांगितलीत तो एखाद्या जुन्या गिरणी कामगारालाच चटकन कळावा. 1938 मध्ये ‘ट्रॅक्टर’ या नावाने संघ सोव्हिएत साखळीच्या अव्वल गटात आला आणि 1939 मध्ये चौथा आला. पुढे मॉस्कोच्या टॉर्पेडोकडून नाव कमावणारा आघाडीपटू अलेक्सांद्र पोनोमार्योव याच संघात घडला.

माझ्यावर आपले सर्वांत मोठे उपकार आहेत ते 2 मे 1943 च्या सामन्याच्या बाबतीत. भग्न शहरात, लढाई संपून जेमतेम तीन महिने झाले असताना, मॉस्कोच्या बलाढ्य स्पार्ताकला स्थानिक खेळाडूंनी 1-0 असे हरवले, एवढेच सगळीकडे सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. पण संघ त्या दिवशी ‘डायनामो’ या नावाने उतरला होता, त्यातले बरेचसे खेळाडू मूळचे ट्रॅक्टरचे होते आणि सामना शहराच्या दक्षिणेकडील बेकेतोव्कामधल्या आझोत मैदानावर झाला, हे तपशील आपण माझ्याकडून आग्रहाने लिहून घेतलेत. शहराच्या उत्तरेला असलेला ट्रॅक्टर कारखाना आणि त्याचा परिसर ऑक्टोबर 1942 मध्ये भीषण लढाईचे ठिकाण झाला होता, तर बेकेतोव्का जर्मनांच्या हाती कधीच पडले नव्हते. म्हणून खेळण्याजोगे मैदान मिळाले ते तिथेच. गोलरक्षक वासिली येर्मासोव आणि विजयी गोल करणारा अलेक्सांद्र मोइसेयेव ही नावे मी आता विसरणार नाही. विमानातून मैदानावर चेंडू टाकला गेला, या प्रसिद्ध कथेबद्दल मी विचारले तेव्हा आपण हसलात आणि तिच्यापुढे ‘सांगितले जाते’ एवढेच लिहायला सांगितलेत. माझ्या लेखातही ती तशीच आली आहे. त्या कथेहून मला अधिक मोलाचे वाटते ते हे की, पोटभर अन्न मिळणे मुश्कील असताना माणसे दूरवरून चालत सामना पाहायला आली होती.

यानंतरचा काळ सांगताना बाकीच्यांचा उत्साह ओसरतो. 1950 मध्ये संघ अव्वल गटातून खाली घसरला आणि पुन्हा तिथे पोहोचला तो 1989 मध्ये. मधल्या काळात शहराचे नाव बदलले, संघाचे तर अनेकदा बदलले: टॉर्पेडो, स्टाल, बारिकादी, आणि 1975 पासून रोटर. या एकोणचाळीस वर्षांवर छापील लेखांत जेमतेम एखादा परिच्छेद सापडतो. आपल्या वह्यांत मात्र त्यांना पूर्ण जागा आहे. चौकटीच्या कागदावर डावीकडे तारीख, मग प्रतिस्पर्धी, मग गुणफलक आणि शेवटच्या बारीक रकान्यात हवामान. खालच्या गटातल्या कोणा आडगावच्या संघाशी पावसात झालेली बरोबरीसुद्धा त्याच निळ्या शाईत आणि त्याच नेटक्या अक्षरात. क्लबचा इतिहास म्हणजे क्लबचे विजय, ही समजूत त्या पानांपुढे टिकत नाही. माझ्या लेखमालेतला सर्वांत लांब भाग याच वर्षांचा झाला. तो कंटाळवाणा वाटेल असे काही स्नेह्यांनी सुचवूनही मी तो कापला नाही, आणि त्याचे श्रेय आपलेच आहे.

मँचेस्टरच्या त्या रात्रीबद्दल लिहायला मला अर्थात आनंदच वाटला. युरोपातील क्लबांच्या यूएफा चषकात मँचेस्टर युनायटेडविरुद्ध व्होल्गोग्राडमध्ये पहिला सामना गोलशून्य सुटल्यावर 26 सप्टेंबर 1995 रोजी त्यांच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर रोटरच्या निडेरगाउस आणि वेरेतेन्निकोव यांनी पहिल्या पंचवीस मिनिटांतच दोन गोल केले. यजमानांनी स्कोल्सच्या गोलाने एक फेडला, आणि अखेरच्या क्षणांत गोलरक्षक पीटर श्मायकेल स्वतः पुढे धावत आला व त्याने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. सामना 2-2 असा सुटला, एकूण गोल समान असल्यास परक्या मैदानावर अधिक गोल करणारा संघ पुढे, या तेव्हाच्या नियमाने रोटर पुढे गेला आणि पुढच्या फेरीत फ्रान्सच्या बोर्दोकडून हरला. तो बोर्दो त्या वर्षी अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. हा प्रसंग आपण दहा मिनिटांत आटोपलात आणि लगेच प्रशिक्षक व्हिक्टर प्रोकोपेन्को यांच्या खेळण्याच्या पद्धतीकडे वळलात. वेरेतेन्निकोवचे रशियाच्या अव्वल साखळीतील 143 गोल हा कितीतरी वर्षे विक्रम होता. त्यांतले बहुतेक या एका प्रांतीय क्लबसाठी झाले, हे आपले म्हणणे मी जसेच्या तसे उद्धृत केले आहे.

1997 बद्दल मात्र आपल्याला बोलते करायला मला वेळ लागला. 1993 मध्ये रोटर रशियन साखळीत दुसरा आला होता. 1995 च्या रशियन चषकाची अंतिम लढत गोलशून्य सुटून पेनल्टींवर डायनामो मॉस्कोकडे गेली होती. 1996 मध्ये अवघ्या दोन गुणांनी मागे राहून तिसरे स्थान मिळाले होते. आणि 1997 च्या नोव्हेंबरमध्ये हंगामाचा शेवटचा सामना घरच्या मैदानावर, समोर दोन गुणांनी पुढे असलेला स्पार्ताक. जिंकले असते तर विजेतेपद मामायेव टेकडीच्या पायथ्याच्या त्या मैदानावरच हाती आले असते. सामना 0-2 असा गेला. त्या दिवसाची ओळही वहीत इतर ओळींसारखीच आहे, तारखेपासून हवामानापर्यंत, वर एक शब्द अधिक नाही. राजधानीबाहेरचा क्लब विजेतेपदाच्या इतका जवळ येतो तेव्हा त्यामागे कारखाना, शहर आणि एक-दोन हट्टी माणसांची कितीतरी वर्षे असतात, आणि तो एकदा हुकला की पुन्हा उभे राहायला त्याच्यामागे मॉस्कोच्या क्लबांइतका पैसा नसतो, हे आपण मला समजावलेत. पुढची घसरण त्यामुळे मला अनाकलनीय वाटली नाही: 2004 च्या अखेरीस अव्वल गट सुटला, त्यापाठोपाठ क्लबला व्यावसायिक परवानाही मिळाला नाही आणि खालच्या गटातून पुन्हा सुरुवात करावी लागली. 2020 मध्ये रोटर पुन्हा वर आला, तो एकाच हंगामापुरता.

नव्या व्होल्गोग्राड अरेनाविषयी आपले आणि माझे मत जुळले नाही, तेही इथे नोंदवतो. 2018 च्या विश्वचषकासाठी जुने मैदान पाडून तिथेच बांधलेले, पंचेचाळीस हजार प्रेक्षकांचे ते मैदान मला देखणे वाटते. इंग्लंड-ट्युनिशिया सामना दूरचित्रवाणीवर पाहताना इकडच्या अनेकांनी आपले शहर प्रथमच पाहिले. खालच्या गटात खेळणाऱ्या संघाला एवढे मैदान ही शोभा कमी आणि भार जास्त, असे आपण म्हणालात. दोन्ही बाजू मी लेखात दिल्या आहेत आणि आपली बाजू आधी दिली आहे, कारण तिथे पावसात बसून सामने पाहिलेत ते आपण.

आपण दिलेल्या पानांची छायाचित्रे मी कोणालाही दिलेली नाहीत आणि आपल्या संमतीशिवाय छापणारही नाही. लेखमालेचे छापील अंक आपल्या पत्त्यावर पोहोचतील. एक विनंती उरते: 1950 च्या हंगामाची वही त्या वेळी आपल्याला सापडली नव्हती. ती मिळाली असेल, तर शेवटच्या पाच सामन्यांच्या ओळी नातीकडून मला कळवाव्यात. पुस्तकरूपात छापताना ती जागा मी आपल्यासाठी मोकळी ठेवली आहे.

आपला कृतज्ञ,
व्होल्गोग्राडचा एक माजी विद्यार्थी, पुणे