गगनयानला उशीर होऊ द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपली माणसे अवकाशात नेणाऱ्या इस्रोच्या गगनयानची तारीख पुढे गेली की ‘अजून किती वर्षे?’ अशी कुरबुर सुरू होते. २०१८ मध्ये लाल किल्ल्यावरून २०२२ चा वायदा झाला होता, हे खरे. तरी मला हा उशीर खटकत नाही.

गेली चौदा वर्षे मला ऱ्हुमॅटॉइड प्रकारचा संधिवात आहे. सकाळी तासभर बोटे मिटत नाहीत, दुधाची पिशवी कापायला कात्री दोन्ही हातांनी धरावी लागते. हे अंगवळणी पडले. तीन वर्षांपूर्वी कोरडा खोकला सुरू झाला, तोही अंगवळणी पाडून घेतला. जिना चढताना धाप लागायची. घरचे म्हणाले वय झाले, डॉक्टर म्हणाले धूळ असेल. काल काही झाले नाही, म्हणजे आजही होणार नाही, असे म्हणत मी आठ महिने काढले. सीटी स्कॅन केला तेव्हा आजार फुफ्फुसात पोचला होता. आता मी प्रत्येक बारीकसारीक तक्रार तारखेनिशी वहीत लिहिते आणि तपासणीला जाताना वही घेऊन जाते.

नासाच्याही हातून हेच घडले. चॅलेंजर या अंतराळयानाच्या बूस्टरच्या, म्हणजे त्याला वर ढकलणाऱ्या रॉकेटच्या, सांध्यांतली रबरी कडी आधीच्या उड्डाणांत झिजलेली आढळली होती. याने सुखरूप परतत होती, म्हणून ते चालवून घेतले गेले. २८ जानेवारी १९८६ च्या आदल्या रात्री ‘थंडी फार आहे, उडवू नका’ असे बूस्टर बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते परोपरीने सांगत होते. दुसऱ्या दिवशी ७३ सेकंदांत यान फुटले, सात जण गेले. नासाच्याच कोलंबिया यानाच्या इंधनटाकीवरचे फोमचे तुकडेही पूर्वीपासून पडत. रोज मरे त्याला कोण रडे! २००३ मध्ये एक तुकडा डाव्या पंखावर आदळला. अभियंत्यांनी पंखाची छायाचित्रे मागितली, ती घेतलीच गेली नाहीत. १ फेब्रुवारीला, शनिवारी संध्याकाळी, आम्ही कर्नालच्या कल्पना चावलांच्या परतण्याची बातमी बघायला टीव्हीसमोर बसलो होतो. यान परतताना तुटले, त्यातले कुणी वाचले नाही. त्या रात्री घरात कुणाला जेवण गेले नाही.

म्हणून जून २०२५ मधली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपले अंतराळवीर शुभांशु शुक्लांच्या उड्डाणाआधी त्यांना नेणाऱ्या फाल्कन ९ रॉकेटमध्ये द्रवरूप ऑक्सिजनची गळती सापडली. इस्रोच्या पथकाने पक्क्या दुरुस्तीचा आग्रह धरला. उड्डाण लांबले, २५ जूनला यान सुटले आणि आपला माणूस धडधाकट परत आला.

असाच हट्ट घरच्या कामातही हवा. १८ मे २०२५ ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी६१ रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्यात बिघाड होऊन उपग्रह गेला. अशा प्रत्येक अपयशाचा चौकशी अहवाल इस्रोने सविस्तर प्रसिद्ध करावा. आणि वृत्तपत्रांना हात जोडून विनंती, की चाचणीसाठी तारीख पुढे गेली तर ‘गगनयान रखडले’ असा मथळा देऊ नका. त्या यानात बसणाऱ्यांच्या घरीही कुणी वाट बघत असणार.

आपली,
एक वाचक, सांगली