तिकिटं काढली आहेत, बाबा

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

आधीच सांगते, तुम्हा दोघांची स्कॉटलंडच्या सहलीची जूनची तिकिटं काढली आहेत. बाबा, रागावू नका. "पुढच्या वर्षी बघू" म्हणत म्हणत तुमचा गुडघा कुठवर आला ते आपण पाहतोय. विचारलं असतं तर नाहीच म्हणाला असता. पैशांचं मनात आणू नका, बोनसमधून झालंय सगळं.

गाईडसोबतची लहान बस आहे, धावपळ नाही. उल्लापूल बंदरातून बोटीने अडीच-पावणेतीन तासांत लुईस बेटावरचं स्टोर्नोवे गाव. बोटीत आरामात बसायला जागा आहे, चहा मिळतो, टॉयलेट स्वच्छ. मुक्कामाची खोली तळमजल्यावरचीच मागून घेतलीय.

माझा हट्ट हॅरिस ट्वीडसाठी, म्हणजे तिथल्या लोकरी कापडासाठी आहे. बेटावरच्या माणसाने स्वतःच्या घरी, हातमागावर विणलं तरच त्या कापडाला ते नाव लावता येतं, असा 1993चा कायदाच आहे. मी गेले तेव्हा विणकर शेडमध्ये पायाने जुना, हॅटर्सली बनावटीचा माग चालवत होता. धोट्याचा तोच खडखडाट. मध्येच ताण्यातला धागा तुटला. त्याने पाय थांबवले, दोन बोटांत गाठ मारली, टोक तोडलं आणि पुन्हा सुरू. बाबा, तुम्ही अशीच गाठ मारायचात आणि मी शेजारी कांड्यांच्या टोपलीत बसलेली असायचे. आपले माग गेल्यापासून तुम्ही त्यांचं नाव काढलं नाहीत. म्हणून तरी चला. त्या विणकराशी बोला, मी मध्ये भाषांतर करेन.

आई, तिथल्या बायका पूर्वी ओलं ट्वीड टेबलावर आपटून घट्ट करायच्या आणि त्या तालावर गेलिक या त्यांच्या भाषेतली गाणी म्हणायच्या. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची. आजीच्या जात्यावरच्या ओव्याच आठवल्या मला. गाईड त्यातलं एखादं ऐकवतात, मग तूही एक ओवी म्हण. लाजू नकोस.

आता नीट ऐका. बीपीच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. तूप, पेढे बांधू नकोस आई, दुधाचं काही आत नेऊ देत नाहीत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र भरपूर आण. तिथे रात्री साडेदहापर्यंत उजेड असतो, तरी झोप वेळेवर घ्यायची. स्वेटर मी इथे घेऊन ठेवते. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला पुण्याला दादाच्या गाडीनेच जा, एसटीचा हट्ट नको.

शनिवारी फोन करते. तोवर दोघांचे पासपोर्ट कपाटातून काढून, मुदत बघून ठेवा.

तुमची लाडकी,
चिमी