'उंदरांवर सिद्ध' म्हणजे नेमके काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारच्या आरोग्य पुरवणीत 'उंदरांवर सिद्ध : शुक्राणूंचा वेग वाढवणारे चूर्ण' ही बातमी वाचली. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी ३१ वर्षे तंत्रज्ञ होते. त्यातली निम्मी तरी नर उंदरांचे शुक्राणू मोजण्यात गेली. लग्न ठरताना सासूबाईंना 'औषधांच्या लॅबमध्ये आहे' एवढेच सांगितले होते. पुढचे त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

बातमी म्हणते, उंदरांना २८ दिवस चूर्ण दिले आणि शुक्राणू 'धावू लागले'. इथे मी चहाचा कप खाली ठेवला. मोठ्या उंदराच्या, म्हणजे रॅटच्या, वृषणात शुक्राणू घडायला साधारण ५२ दिवस लागतात. मग तो वृषणाला चिकटलेल्या अधिवृषणाच्या नळीतून आठवडा-दीड आठवडा पुढे सरकतो आणि त्या वाटेवर पोहायच्या लायकीचा होतो. आम्ही तपासायचो ते नळीच्या शेवटच्या टोकातले, 'कॉडा'तले. २८व्या दिवशी तिथे सापडणारा शुक्राणू चूर्णाचा पहिला डोस पोटात जायच्या कितीतरी आधी घडायला लागलेला असतो. नळीतल्या प्रवासावर औषधाचा परिणाम दिसू शकतो, नाही असे नाही. पण प्रजननाच्या कित्येक रीतसर चाचण्यांत नराला मादीजवळ सोडण्याआधी १० आठवडे डोस देतात, ते काही हौस म्हणून नव्हे.

बरे, ते 'धावणे' पाहिले कसे? त्याबद्दल बातमीत अक्षर नाही. आणि सगळी गोम तिथेच असते. आमच्याकडचाच एक प्रसंग सांगते. डिसेंबरातला गुरुवार होता, म्हणजे वीज जाणार हे पुणेकराला सांगायला नको. सकाळी नऊला गेली. वॉटर बाथ आणि मायक्रोस्कोपचा दिवा जनरेटरवर होता, स्लाइड उबदार ठेवणारी प्लेट मात्र त्या बोर्डावर कोणी जोडलेलीच नव्हती. मी कॉडाचा तुकडा कापून ३७ अंशांच्या द्रावणात सोडला, नेहमीसारखा दुधाळ ढग पसरला, एक थेंब स्लाइडवर घेतला. उंदराचा शुक्राणू माणसाच्या जवळपास तिप्पट लांब, डोके कोयत्यासारखे वाकलेले. धडधाकट असला की काचेखाली नुसती सळसळ दिसते, मोजताना डोळा ठरत नाही. त्या सकाळी सगळे जागच्या जागी थरथरत होते. मी लिहिले : पोहणारे ३० टक्के. जास्त डोसच्या गटातले दहाही नर एकामागून एक तसेच निघाले. दुपारी वीज आली, प्लेट तापली आणि औषध न दिलेल्या कंट्रोल गटाची पाळी लागली. ८० टक्के! संध्याकाळच्या आत साहेबांनी 'औषध घातक' असे वर कळवूनही टाकले.

गारठली होती ती काच. आणि चूक एवढीच नव्हती. सगळे गट मिसळून, कोणता नर कुठला हे तपासणाऱ्याला कळू न देता बघायचे, हा नियम फाइलमध्ये होता, टेबलावर नव्हता. मेलेल्या उंदरांवर फेरमोजणी होत नाही. नवे नर, प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीकडे नवा अर्ज, पुन्हा १० आठवडे. शेवटी दोन्ही गटांत फरक निघाला नाही. आधीचे वीस नर फुकट गेले. त्यांचे पिंजरे मीच धुतले.

आणखी एक. शुक्राणू हलले म्हणजे मादीला दिवस गेले, असे होत नाही. आम्ही नर-मादी एकत्र ठेवायचो, रोज सकाळी मादीचा स्मिअर (योनीतला स्राव काचेवर) घ्यायचो. त्यात शुक्राणू दिसला तो गर्भारपणाचा शून्यावा दिवस. पुढे गर्भाशयात किती गर्भ रुजले ते मोजायचो. बातमीत मादीचा पत्ताच नाही. उलट बाजूही आहे : शुक्राणूंची संख्या नेहमीच्या दहा टक्क्यांवर आली तरी उंदराला भरपूर पिल्ले होऊ शकतात, माणसाकडे एवढी शिल्लक नसते. म्हणून नुसती पिल्ले मोजून औषध निर्धोक ठरवता येत नाही. वृषणे, संख्या, आकार, हालचाल हे सगळे बघावे लागते.

यावरून मी प्राण्यांवरच्या चाचण्यांच्या विरोधात आहे असे कृपया समजू नये. डीबीसीपी नावाचे सूत्रकृमिनाशक उंदरांची वृषणे सुकवते, हे १९६१ मध्येच छापून आले होते. कॅलिफोर्नियातल्या कारखान्यातल्या कामगारांना मुले होत नाहीत, हे उघड झाले १९७७ मध्ये. उंदरांनी १६ वर्षे आधी सांगून ठेवले होते, ऐकले कोणी नाही. आपल्या बातमीत मात्र उंदरांनी जे सांगितलेच नाही ते छापले आहे.

हे सगळे लिहायचे कारण घरातले आहे (त्याला विचारूनच लिहिते). माझ्या भाच्याच्या रिपोर्टमध्ये हालचाल २२ टक्के आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत ४२ ही खालची मर्यादा धरली आहे. घरात सुतक असल्यासारखे वातावरण. त्यात आपली पुरवणी आली आणि त्याच दिवशी २,४०० रुपयांचा डबा. मी विचारले, "सॅम्पल नेलेस कसे?" तर म्हणे, घरूनच, कात्रजहून डेक्कनला, भल्या सकाळी स्कूटरच्या डिकीत. वाटेत पेट्रोल भरले, वर लॅबमध्ये रांग. सव्वा तास! नमुना अंगाजवळ, उबेत न्यायचा आणि तासाच्या आत तपासला गेला पाहिजे, हे त्याला ना कोणी सांगितले ना त्याने विचारले. दोन आठवड्यांनी लॅबमध्येच नमुना द्यायला लावला. ४६ आले. एका रिपोर्टवरून काही ठरवू नये, म्हणून आणखी एकदा करणार आहोत.

डबा अजून सीलबंद आहे. दुकानदार परत घेत नाही, म्हणतो, "मावशी, पेपरात आलंय की."

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
सहकारनगर, पुणे